प्रमाणपत्र नंतर, आधी वर्ग बदला

दहावीचे अर्ज भरण्याचे दिवस जवळ आले की सरकारी रुग्णालयांतील अध्ययन अक्षमता तपासणी केंद्रांवर गर्दी वाढू लागते. नववी-दहावीची मुले, हातात जुनी प्रगतिपुस्तके घेतलेले आई-वडील आणि एकच मागणी : प्रमाणपत्र. ते मिळाले की परीक्षेत जादा वेळ, गरजेप्रमाणे लेखनिक अशा सवलती मिळतात. महाराष्ट्राने १९९६ पासूनच शालान्त परीक्षेत या सवलती देऊ केल्या आणि त्यांचा हजारो मुलांना उपयोग झाला.

पण ती प्रगतिपुस्तके उलटून पाहिली तर शेरे दुसरी-तिसरीपासूनचे असतात. ‘शुद्धलेखन सुधारावे’, ‘वर्गात लक्ष नसते’, ‘हुशार आहे, पण आळशी’. अडचण सगळ्यांना दिसत होती. तिच्यासाठी वर्गात काही बदलले मात्र नाही. दरम्यान, आपण मठ्ठ आहोत असे त्या मुलाचे पक्के मत होऊन बसते. दहावीला मिळालेला जादा वेळ हे मत पुसू शकत नाही.

बुद्धी असते, अक्षर अडते

अध्ययन अक्षमतेत मुलाची बुद्धी सर्वसाधारण किंवा त्याहून चांगली असते. पण वाचन, लेखन किंवा गणित यांपैकी एखादे कौशल्य वयाच्या मानाने फार मागे राहते. शाळकरी मुलांत हे प्रमाण साधारण ५ ते १५ टक्के मानले जाते. १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी वाचता न येणाऱ्या एका १४ वर्षांच्या चुणचुणीत मुलाची नोंद प्रसिद्ध केली. सगळे शिक्षण तोंडी असते तर हा मुलगा शाळेत पहिला आला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत होते. अडचण मुलात जितकी, तितकीच शिकवण्याच्या एकाच ठरावीक पद्धतीत असते.

देवनागरीत अडखळण्याच्या जागाही ठरलेल्या आहेत. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी येते, उच्चारात मात्र ‘इ’ नंतर. ‘सूर्य’मधला र ऐकू येतो य च्या आधी आणि बसतो य च्या डोक्यावर. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांत फरक एवढ्याशा रेषेचा. पहिलीच्या मुलांच्या अशा चुकांनी घाबरण्याचे कारण नाही. तिसरी उलटली तरी त्या कायम असतील, तर तपासणी हवी.

औषध गोळीत नाही

अध्ययन अक्षमतेवर गोळी नाही, टॉनिक नाही. उपचार म्हणजे त्या मुलाला लागेल तसे, टप्प्याटप्प्याने पुन्हा शिकवणे आणि रोजच्या वर्गात थोडे बदल करणे. पन्नास मुलांच्या वर्गात हे कसे जमणार, असा प्रश्न शिक्षक विचारतात आणि तो रास्तच आहे. मात्र यातले बरेच बदल बिनखर्चाचे आहेत :

- एका वेळी एकच सूचना द्यावी. ‘वही काढा, तारीख घाला, पान चाळीस उघडा, तिसरा प्रश्न सोडवा’ हे सारे एका दमात सांगितले तर काही मुलांच्या लक्षात फक्त ‘वही काढा’ राहते.
- फळ्यावर लिहिताना बोलू नये, वर्गाकडे तोंड करून बोलावे. कमी ऐकू येणाऱ्या मुलाला ओठ दिसणे गरजेचे असते.
- अडखळणाऱ्या मुलाला अचानक उभे करून मोठ्याने वाचायला लावू नये. उतारा आदल्या दिवशी सांगून ठेवावा.
- शाब्दिक उदाहरण समजले का, हे पाहायचे असेल तर पाढ्यांचा तक्ता जवळ ठेवू द्यावा.
- चंचल मुलाला पुढच्या बाकावर, खिडकीपासून दूर बसवावे. पाच गणिते दिल्यावर वही तपासून मग पुढची पाच द्यावीत.

जलचक्राचा धडा घेऊ. एक मूल उत्तर लिहील, दुसरे आकृती काढून नावे देईल, तिसरे तोंडी सांगेल. पाण्याची वाफ आणि वाफेचे ढग कसे होतात, हा प्रश्न तिघांनाही एकच. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलासाठी मात्र उद्दिष्टच वेगळे ठेवावे लागते. त्याने पाऊस, नदी, समुद्र ओळखून चित्रे क्रमाने लावली, तरी त्याच तासात तेही शिकलेले असते.

हा इतरांवर अन्याय नाही का? चष्मा लावणाऱ्या मुलाला कोणी ‘सवलत घेतोस’ म्हणत नाही. शिवाय सुटसुटीत सूचना आणि तोंडी उजळणी यांचा फायदा साऱ्या वर्गालाच होतो.

शिक्का मारण्याआधी

मूल मागे पडते म्हणजे अध्ययन अक्षमताच, असेही नाही. आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत. रक्तक्षय, अपुरी झोप किंवा काही क्षण शून्यात पाहत राहण्याच्या रूपात येणारी फिट यांमुळेही अभ्यास घसरतो आणि यांवर उपचार आहेत.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधील २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता येते. मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी बदल करणे हे शाळेचे कर्तव्य आहे, असे हा कायदा सांगतो. प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षानंतर मिळू शकते. पुढचा बाक आणि एका वेळी एक सूचना यांसाठी कोणताच कागद लागत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक सरकारी व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा येते. उंची-वजनाच्या रांगेत अशी मुले सहज निसटतात, कारण ती दिसायला ठणठणीत असतात. पथक येण्याआधी शिक्षकांनी आपल्या वर्गातील अशा मुलांची यादी तयार ठेवली, तर तपासणीसाठी दहावीची वाट पाहावी लागणार नाही.