डोकेदुखीची गोळी आणि मेथीची जुडी

शुक्रवार संध्याकाळ. दोन आर्टिकल्स पेंडिंग, एडिटरचे तीन मिस्ड कॉल आणि कपाळात सणसणीत ठणका. कॅफेत बसल्या बसल्या पर्समधून आयब्युप्रोफेनची स्ट्रिप काढली, तर समोरून ऑर्डर आली, ‘‘आधी सँडविच खा. रिकाम्या पोटी घेऊ नकोस.’’

ही माझी शाळेपासूनची मैत्रीण. मी मास कॉमला गेले आणि ती ऑरगॅनिक केमिस्ट्रीत एमएस्सी करून एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये. ‘‘ही गोळी बनते कशी, माहितीये तुला?’’ तिने विचारलं. डोकं दुखत असताना केमिस्ट्री! पण सँडविच यायला वेळ होता.

आम्ही दोघी डोंबिवलीच्या. रात्री खिडकी उघडली की केमिकलचा वास, हे आमचं बालपण. 2020 मध्ये तिथल्या एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाल्याचे फोटो तुम्हीही पाहिले असतील. तो रंगाचा मामला होता, औषधाचा नव्हे. पण प्रश्न तोच: कारखान्यात जे आत जातं, त्यातलं जे बाटलीत किंवा गोळीत उतरत नाही, ते जातं कुठे?

तर आयब्युप्रोफेन. ब्रिटनच्या बूट्स कंपनीतल्या स्ट्युअर्ट अ‍ॅडम्स आणि जॉन निकोल्सन यांचा हा शोध. 1961 मध्ये पेटंटसाठी अर्ज, 1969 मध्ये ब्रिटनच्या बाजारात. अ‍ॅडम्ससाहेबांनी ही गोळी स्वतःच्याच डोक्यावर ट्राय केली होती. आदल्या रात्री पार्टी जरा जास्त झाली होती आणि सकाळी भाषण द्यायचं होतं. म्हणजे अगदी आपल्यातलेच!

बूट्सची मूळ पद्धत सहा पायऱ्यांची होती. मैत्रिणीने पेपर नॅपकिनवर हिशेब मांडला. कागदावर सगळं शंभर टक्के जमलं तरी सुमारे 514 ग्रॅम माल आत टाकायचा, तेव्हा 206 ग्रॅम आयब्युप्रोफेन हाती येणार. म्हणजे 40 टक्के. ‘‘मेथीची जुडी निवडतेस ना? पानं थोडी आणि देठांचा ढीग. तसंच,’’ ती म्हणाली. शिवाय पहिल्या पायरीला अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड लागायचं, ते या हिशेबात धरलेलंच नाही. ते परत वापरता येत नाही, त्याचा आम्लारी चिखल होतो.

1980 च्या दशकाच्या मध्यावर पेटंट संपलं. आता कोणीही ही गोळी बनवू शकत होतं. मग स्वस्तात कोण बनवणार, याची चुरस. बूट्स, होकस्ट आणि सेलनीज यांच्या भागीदारीतून तीन पायऱ्यांची नवी पद्धत आली आणि 1992 मध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या बिशप गावी तिचा कारखाना सुरू झाला. कच्चा माल तोच, गोळी तीच, पण 40 चे झाले 77 टक्के. उरलेलं काय, तर अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल. तेही गोळा करून वापरलं की आकडा 99 च्या घरात! 1997 मध्ये या पद्धतीला अमेरिकेचा ग्रीन केमिस्ट्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

‘हिरवी’ म्हणजे तुळशीच्या काढ्यासारखी सौम्य, असं मात्र समजू नका. अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडच्या जागी इथे हायड्रोजन फ्लोराइड आहे. ते पुन्हा पुन्हा वापरता येतं, पण अंगावर उडालं तर हाडापर्यंत पोचतं. शेवटच्या पायरीला कार्बन मोनॉक्साइड, तोही विषारीच. कचरा घटला म्हणून धोका गेला असं होत नाही. आणि कोणी साधुसंत झालं म्हणून हे घडलं असंही नाही, सगळा धंद्याचा हिशेब. मला तरी त्यामुळेच ही गोष्ट जास्त पटली.

रॉजर शेल्डन या केमिस्टने 1992 मध्ये एक साधं माप मांडलं: एक किलो मालामागे किती किलो कचरा? तेल शुद्धीकरणात 0.1 किलोहूनही कमी. औषधांमध्ये 25 ते 100 किलो, कधी त्याहूनही जास्त! पायऱ्या अनेक आणि प्रत्येक पायरीला विरघळवायला, धुवायला सॉल्व्हंट. कचऱ्यात मोठा वाटा त्याचाच.

बाबांची डायबेटिसची गोळी सिटाग्लिप्टिन. तिच्यासाठी मर्क आणि कोडेक्सिस या कंपन्यांनी खास घडवलेलं एन्झाइम कामाला लावलं. ऱ्होडियम धातू आणि हाय प्रेशरचा हायड्रोजन दोन्हींची सुट्टी, कचरा 19 टक्क्यांनी कमी. 2010 चा पुरस्कार त्यांना.

‘‘आणि तुझं काय चाललंय?’’ मी विचारलं. तिचा चेहरा पडला. आठ महिने ती एका औषधातलं डायक्लोरोमिथेन काढून त्याजागी इथाइल अ‍ॅसिटेट बसवतेय. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये असतं ना, तेच. जमलंय, पण यील्ड किंचित घसरलं आणि बॉसने फाइल परत पाठवली. औषध मंजूर झाल्यावर पद्धत बदलायची तर अशुद्धींच्या चाचण्या, कागदपत्रं सगळं नव्याने. ते कोण करणार?

मी स्ट्रिप उलटी करून पाहिली. एमआरपी, बॅच नंबर, एक्स्पायरी. आतली गोळी 40 वाली की 77 वाली, पत्ता नाही.

‘‘सोमवारी बॉसला काय सांगणार?’’

‘‘यील्डबद्दल बोलणारच नाही. नवं सॉल्व्हंट परत मिळवलं की किती पैसे वाचतात, तो आकडा पुढे ठेवणार,’’ ती म्हणाली आणि माझं अर्धं सँडविच उचललं.