‘स्टॉल-वेग’ : एका संज्ञेचा अर्थ

‘स्टॉल’ म्हणजे इंजिन बंद पडणे, असा सामान्य समज आहे. स्वयंचलित गिअरच्या मोटारीत मात्र इंजिन चालूच असते; टॉर्क कन्व्हर्टरमधील टर्बाइन तेवढे थांबलेले असते. ब्रेक दाबून पूर्ण थ्रॉटल दिला असता इंजिन ज्या फेऱ्यांवर स्थिरावते, तो स्टॉल-वेग होय. ही संख्या एकट्या कन्व्हर्टरची नव्हे. ती टॉर्कच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. मिनिटास २००० फेरे दाखविणारा कन्व्हर्टर १.४४ पट टॉर्क देणाऱ्या इंजिनास जोडल्यास सुमारे २४०० फेरे दाखवील. म्हणून केवळ छापील आकड्यावरून केलेली निवड फसते.

जलद सुटणाऱ्या मोटारीत हा वेग, इंजिनाचा टॉर्क जेथे भरास येतो त्याच्या आसपास असावा. तो फार कमी असल्यास मोटार जागची मंद हलते. फार जास्त असल्यास घसर वाढून शक्ती तेल तापविण्यात खर्ची पडते. सांगलीच्या सपाट रस्त्यावर हा दोष झाकून राहील; साताऱ्याकडील खंबाटकी घाटात, भरल्या गाडीनिशी, तोच गिअरबॉक्सच्या जिवावर बेतेल. तेव्हा आधी इंजिनाचा टॉर्क-आलेख आणि गाडीचा नित्याचा रस्ता पाहावा, आकडा त्यानंतर.