जुनं दगडी घर उन्हाळ्यात थंड आणि पावसाळ्यात ओलं का असतं? मुक्कामाला जाण्याआधी हे वाचा!

इन्स्टावर असं एक तरी रील तुम्ही पाहिलंच असेल. काळ्या दगडाची जाडजूड भिंत, सागवानी दार, ओसरीवर झोपाळा, मागे चिकूची वाडी आणि खाली कॅप्शन, ‘शंभर वर्षं जुन्या घरात एक रात्र’. मुंबईपासून दोन-तीन तासांवर असं काही मिळत असेल तर कोण नाही म्हणणार?

पालघर, बोईसर, तारापूर, डहाणू हा पट्टा त्यासाठी अगदी सोयीचा. २०१३ साली लोकल डहाणू रोडपर्यंत गेली आणि शनिवार-रविवारी इकडे येणाऱ्यांची गर्दी वाढली. जुनी घरं दुरुस्त करून तिथे पाहुणे ठेवण्याचा व्यवसायही त्यामुळे रुजतोय.

पण जुनं घर ‘रिनोव्हेट’ केलंय म्हणजे नेमकं काय केलंय? ते दुरुस्त झालंय की नुसतं रंगवलंय? त्यावर तुमची झोप अवलंबून असते. घर आणखी पन्नास वर्षं टिकणार की नाही, हेही त्यावरच ठरतं.

तारापूरला दगडी बांधकाम आलं कुठून?

तारापूर म्हटलं की आज अणुवीज केंद्र आठवतं. १९६९ साली सुरू झालेलं हे भारतातलं पहिलं अणुवीज केंद्र. पण गाव त्याहून कितीतरी जुनं आहे. इथे पोर्तुगीजांचा दगडी किल्ला होता. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी तो जानेवारी १७३९ मध्ये जिंकला. त्या लढाईत बाजी भिवराव रेठरेकर कामी आले. त्यानंतर चारच महिन्यांत वसईही पडली.

पुढे हा किल्ला विकाजी मेहेरजी या पारशी घराण्याकडे इनाम म्हणून आला. हे घराणं मोठं सावकार. निजामाच्या राज्यात त्यांची पेढी होती आणि पेस्तनजी मेहेरजींच्या नावावरून तिकडे ‘पेस्तनशाही’ रुपयाही चालत असे. आजही हा किल्ला खाजगी मालकीतच आहे आणि तटाच्या आत वाडी आहे.

थोडक्यात काय, या किनाऱ्यावर घडीव दगड आणि चुना वापरण्याची परंपरा जुनी. श्रीमंत पारशी, इराणी आणि जमीनदार घराण्यांनी घरं बांधली तीही याच पद्धतीने. खाली दगडी जोतं, वर दगडाच्या किंवा विटांच्या जाड भिंती, सागाचे वासे आणि माथ्यावर कौलं. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, त्यानंतर ही ‘मंगलोरी’ कौलं कोकणभर पसरली.

भिंत थंड का लागते?

दगड हळूहळू तापतो आणि हळूहळूच निवतो. दीड-दोन फूट जाडीच्या भिंतीवर दुपारी पडलेलं ऊन आत पोचायला कित्येक तास लागतात. तोवर संध्याकाळ झालेली असते. म्हणून एप्रिलच्या दुपारी माजघरात पाऊल टाकलं की एकदम गार वाटतं.

यात एक गोम आहे. दिवसभर साठलेली ऊब रात्री बाहेर पडते. त्या वेळी वारा खेळता नसेल तर खोली कोंदट होते. जुन्या घरांना समोरासमोर खिडक्या, उंच आढं आणि कौलांच्या फटी असायच्या त्या यासाठीच. कौलांखाली पीओपीचं सपाट सीलिंग ठोकलं आणि एसीसाठी खिडक्या बंद केल्या की घराची ही सगळी यंत्रणाच बंद पडते.

ओल कुठून येते? सगळी गडबड सिमेंटची!

रिनोव्हेशनमधली सगळ्यात महागात पडणारी चूक ही आहे.

जुन्या भिंती चुन्यात बांधलेल्या असतात. किनाऱ्यावर शिंपले भाजून चुना करायचे, तो भिजवायचे, बैलाच्या घाणीत रेतीबरोबर मळायचे. कुठे त्यात गूळ, हिरडा किंवा बेलफळाचं पाणीही घालत. असा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून वर्षानुवर्षं घट्ट होत जातो. पण घट्ट झाल्यावरही त्यात बारीक छिद्रं राहतात. पावसाळ्यात भिंत पाणी पिते आणि पाऊस गेला की तेच पाणी वाफ होऊन निघून जातं.

जुन्या घरांच्या जोत्याखाली ओल अडवणारा थर सहसा नसतो. जमिनीतलं पाणी भिंतीत चढतं, अगदी दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं. चुन्याचा गिलावा असेल तर ते वाटेतच सुकतं. आता याच भिंतीला बाहेरून-आतून सिमेंटचं प्लास्टर आणि वर प्लास्टिक पेंट लावला तर? पाणी बाहेर पडायची वाट बंद. मग ते आणखी वर चढतं आणि प्लास्टर जिथे संपतं तिथे फुटून निघतं.

त्यात हा समुद्रकिनारा. पाण्यात क्षार असतात. पाणी सुकलं की क्षारांचे स्फटिक तयार होतात, ते फुगतात आणि भिंतीचा पृष्ठभाग सोलून काढतात. आपण म्हणतो ना, ‘भिंतीला लोणा लागला’, तो हाच. सिमेंटमागे अडकलेला लोणा दिसत नाही. तो आतल्या आत चुना आणि वीट पोखरत राहतो. चार पावसाळ्यांनी प्लास्टरचे पापुद्रे पडू लागले की मालक पुन्हा सिमेंटच थापतो आणि दुखणं वाढतं.

आणि भूकंप?

हा प्रश्न पालघरमध्ये टाळून चालत नाही. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात, धुंदलवाडीच्या आसपास, धक्क्यांची मालिका सुरू झाली. १ फेब्रुवारी २०१९ ला ४.१ रिश्टरचा धक्का बसला. घरांना तडे गेले, लोक थंडीत तंबूत झोपले.

दगडी घर भूकंपात धोक्याचं का ठरतं, याचा धडा महाराष्ट्राने ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला घेतला. सुमारे आठ हजार माणसं गेली. तिथल्या भिंती दगड आणि मातीच्या, माथ्यावर मातीचं जड माळवद. जाड भिंत बाहेरून एकसंध दिसते, पण बऱ्याचदा ती दोन पातळ भिंतींची असते आणि मधे भर असते. जमीन हलली की हे दोन थर एकमेकांपासून सुटतात, बाहेरच्या अंगाला कोसळतात आणि वरचा भार थेट खाली येतो.

यावर इलाज आहे. दोन्ही थरांना शिवणारे आरपार दगड ठरावीक अंतरावर बसवायचे. जुन्या भिंतीत भोकं पाडून काँक्रीटचे सांधेही घालता येतात. छताखाली चारही भिंतींना घट्ट धरणारा पट्टा द्यायचा. वासे भिंतीशी आणि एकमेकांशी पक्के जोडायचे. किल्लारीनंतर उरलेल्या घरांसाठी हेच उपाय सुचवले गेले. म्हणजे सिमेंट-काँक्रीट सरसकट वाईट नाही. ते कुठे घालायचं, हे घर समजणाऱ्या इंजिनीअरने ठरवलं पाहिजे.

गंमत म्हणजे याच भागातली वारली कुटुंबांची कुडाची घरं हलकी असतात. कारवीच्या काठ्या आणि मातीचा लेप हादऱ्याबरोबर डोलतो. ‘पक्कं’ आणि ‘सुरक्षित’ हे दोन शब्द नेहमी एकाच अर्थाचे नसतात, ते असं.

मग मालक पाडून का टाकत नाहीत?

बरेच जण पाडतातच! जुन्या घराच्या कागदावर अनेक वारसांची नावं असतात, त्यातले निम्मे मुंबईत किंवा परदेशात. सागाची तुळई बदलायची तर खर्च मोठा आणि चुन्याचं काम येणारे गवंडी कमी. त्यापेक्षा घर पाडून प्लॉट विकणं सोपं. पाहुण्यांकडून मिळणारे पैसे हे घर उभं ठेवण्याचं एक खरंखुरं कारण ठरू शकतं. पुण्याजवळ पिलाजीराव जाधवरावांची गढी अशीच हॉटेल होऊन उभी आहे.

पण सगळ्याच वास्तूंना हा न्याय लावता येत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये काही किल्ले हॉटेलसाठी भाड्याने देण्याची बातमी आली तेव्हा राज्यभर संताप उसळला आणि संरक्षित किल्ल्यांना हात लावणार नाही, असा खुलासा सरकारला करावा लागला. कुणाचं खाजगी घर वेगळं आणि सगळ्यांचा गड वेगळा, ही रेघ लोकांनी तेव्हा स्वतःच आखून दिली.

बुकिंग करण्याआधी काय बघाल?

* पावसाळ्यातले फोटो मागा. ओल लपत नाही ती तेव्हाच.
* भिंतीला चुना आहे की सिमेंट, ते विचारा. मालकाला उत्तर माहीत असेल तर निम्मी काळजी मिटली.
* जोत्यापासून कमरेपर्यंतच्या भागात फुगलेला रंग, पांढरी पूड किंवा कुबट वास असेल तर दुरुस्ती वरवरची आहे.
* कोपऱ्यात उभे तडे किंवा बाहेर फुगलेली भिंत दिसली तर त्या खोलीत झोपू नका.
* वायरिंग नवीन आहे का ते बघा. लाकडी माळ्याच्या घरात जुनी वायर म्हणजे आगीला आमंत्रण.
* पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का, तेही विचारा. ‘निवास व न्याहारी’ योजनेखाली घरांची नोंदणी होते.

हे प्रश्न विचारायला संकोच करू नका. दहा पाहुण्यांनी स्विमिंग पूल मागितला तर मालक पूल बांधेल. दहा जणांनी चुन्याबद्दल विचारलं, तर पुढच्या उन्हाळ्यात तो सिमेंटवाल्याऐवजी चुन्याचं काम जाणणारा गवंडी शोधेल.