सायलेन्सर खडखडतो, जोड गळतो : काय करावे?

मंडळी, वेंटवर्थव्हिल स्टेशनजवळ गाडी लावायला जागा मिळत नाही म्हणून म्हणा, की पुण्यातली जुनी हौस उफाळून आली म्हणून म्हणा, आपल्या लोकांच्या ड्राइव्हवेत मोटारसायकली पुन्हा दिसू लागल्या आहेत. कुणाकडे बुलेट, कुणाकडे थेट चाकणच्या बजाज कारखान्यात तयार होऊन इथवर आलेली छोटी केटीएम ड्यूक, तर कुणी पोस्टमनने वापरलेली जुनी होंडा सीटी ११० घेतली आहे. गाड्या निरनिराळ्या, पण तक्रार एकच कानावर येते : "सायलेन्सर खडखडतो आणि जोडातून फट्‌फट् हवा मारतो." म्हणून हा लेख.

आधी शब्दांचा घोळ. आपण ज्याला सायलेन्सर म्हणतो त्याला इथे मफलर म्हणतात (आपला मफलर गळ्याभोवती असतो आणि जुलैच्या सकाळी तोही लागतोच). इंजिनाच्या हेडमधून निघून वळण घेत खाली येणारा तो बेंड पाइप. जोड दोन ठिकाणी असतात : एक हेडपाशी, जिथे पाइप आणि हेड यांच्यामध्ये पॅकिंगची कडी बसते; दुसरा पाइप सायलेन्सरमध्ये शिरतो तिथे, वरून क्लॅम्पने आवळलेला. गळती बहुतेक वेळा या दोहोंपैकी एका जागी सापडते.

खडखड आणि गळती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधी ध्यानात घ्यावे. खडखड ठरावीक वेगालाच होत असेल तर पहिला संशय पाइपवरच्या पत्र्याच्या आवरणावर घ्यावा. इंजिन चालू असताना लाकडी काठीने तो पत्रा हलकेच दाबावा. आवाज थांबला तर चोर सापडला. त्याचे छोटे बोल्ट आवळले की काम संपते. तसे नसेल तर सायलेन्सर फ्रेमला धरणारा बोल्ट पाहावा. तो सैल झाला की सगळा भार जोडावर येतो आणि खडखडीतून गळती जन्माला येते. इंजिन थंड असताना सायलेन्सरवर रबरी हातोडीने टिचकी मारल्यावर आतून काही खुळखुळले, तर आतला पडदा सुटला आहे. ते काम घरचे नव्हे.

गळतीची खूण म्हणजे जोडाभोवती काळी काजळी. दुसरी खूण, थ्रॉटल सोडल्यावर मागून फटाके वाजणे. इंजिनाचा धूर सलग येत नाही, धक्क्याधक्क्याने येतो, आणि प्रत्येक धक्क्यामागून पाइपमध्ये क्षणभर दाब कमी होतो. तेवढ्यात फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि न जळलेले पेट्रोल तिथेच पेटते. नव्या गाड्यांत पाइपवर ऑक्सिजन सेन्सर असतो. ही उपरी हवा त्याला चकवते, आणि गाडी उगाच जास्त पेट्रोल पिऊ लागते.

मात्र थंडीत सायलेन्सरखालून थेंब थेंब पाणी पडते, ती गळती नव्हे. एक लिटर पेट्रोल जळले की जवळपास लिटरभर पाणी तयार होते आणि थंड पाइपमध्ये ते साचते. बऱ्याच सायलेन्सरांना त्यासाठीच खाली बारीक भोक ठेवलेले असते. ते बुजवू नये, आतून गंज धरेल.

नक्की जागा शोधायला साबणाचे पाणी उत्तम. थंड इंजिनावर सायलेन्सरच्या तोंडातून हवा सोडावी (व्हॅक्यूम क्लीनरची फुंकणारी बाजू चालते) आणि जोडावर फेस लावावा. बुडबुडे आले तिथे फट.

आता सर्वांत महत्त्वाचे. या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातले हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरते. आपल्याकडच्या बऱ्याच घरांत गॅरेज स्वयंपाकघराला किंवा झोपायच्या खोलीला लागूनच असते. "बाहेर गारठा आहे, शटर अर्धेच उघडतो" असे म्हणून इंजिन चालू ठेवून जोड तपासणे जिवावर बेतू शकते. आधी डोके दुखते, गरगरते, मळमळते. माणसाला वाटते फ्लू आला. तसे वाटले तर लगेच उघड्यावर यावे आणि ०००ला फोन करावा. इंजिन चालू करायचे ते ड्राइव्हवेत, आकाशाखाली.

दुरुस्ती मात्र पूर्ण थंड इंजिनावर, रात्रभर गाडी उभी राहिल्यानंतर. हेडचे नट वर्षानुवर्षे तापून आणि गंजून बसलेले असतात. आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. नट अडला तर जोर करू नये. थोडा सोडावा, थोडा परत आवळावा, असे करत बाहेर काढावा. स्टड पोलादाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे असते. स्टड तुटला किंवा आटे गेले तर दहा-वीस डॉलरचे काम शेकड्यांत जाते.

पॅकिंग नवीनच घ्यावे. ती कडी एकदाच दबून बसते, जुनी पुन्हा तशी बसत नाही. इथे पुण्याची आठवण येणे साहजिक आहे. नाना पेठेत कुठल्याही गाडीचे पॅकिंग मिळते, आणि आई-बाबा येणारच आहेत तर बॅगेत टाकायला सांगू, असा विचार मनात येतो. तो मोडावा. ऑस्ट्रेलियात ३१ डिसेंबर २००३ पासून ॲस्बेस्टॉसच्या वापराला आणि आयातीला पूर्ण बंदी आहे. भारतात पांढऱ्या ॲस्बेस्टॉसचा वापर अजून बंद नाही, आणि पॅकिंगांत ते असू शकते. पाकिटावर 'नाही' छापले आहे म्हणून खात्री धरू नये. विमानतळावर म्हाताऱ्या माणसांना उत्तरे द्यायला लावण्यापेक्षा इथल्या दुकानातून घेतलेले बरे. याच कारणाने जुन्या गाडीतले पॅकिंग कोरडे खरवडू नये, हवेने उडवू नये. ओले करून, मास्क लावून काढावे आणि पिशवीत बंद करावे.

एम-सील पाण्याच्या नळाला ठीक, इथे जळून जाते. साधे सिलिकॉनही या उष्णतेत टिकत नाही, शिवाय सेन्सर बिघडवते. डब्याचा पत्रा कापून जोडाला गुंडाळण्याची आपली देशी युक्ती दुकान उघडेपर्यंतच चालवावी.

बसवताना क्रम महत्त्वाचा. दोन्ही बाजूंचे तोंड स्वच्छ पुसावे. कडी जागेवर ठेवून सगळे नट-बोल्ट आधी हातानेच लावावेत, काहीच आवळू नये. पाइप आपल्या जागी निवांत बसू द्यावा. मग हेडचे नट, आलटून पालटून, थोडे थोडे, मग क्लॅम्प, आणि फ्रेमचा बोल्ट सर्वांत शेवटी. तो आधी आवळला तर पाइप कायम ताणात राहतो आणि महिनाभरात जोड पुन्हा बोलू लागतो. किती आवळायचे याचा आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. तो आपल्याला वाटतो त्यापेक्षा कमीच असतो.

पाच वर्षांहून जुन्या गाडीला दरवर्षी रेजिस्ट्रेशनआधी तपासणी लागते. नाव आता ई-सेफ्टी चेक झाले असले तरी सगळे तिला पिंक स्लिपच म्हणतात. गळका एक्झॉस्ट तिथे अडतो, म्हणून हे काम महिनाभर आधी उरकावे. नवे पॅकिंग पहिल्या एक-दोन फेऱ्यांत तापून आणखी दबते. तेव्हा पुढच्या शनिवारी, गाडी थंड असताना, त्या नटांना पुन्हा एकदा पाना लावून पाहावा.