टी-पेशी परक्याला कशी ओळखते?

विषाणूला स्वतःच्या बळावर वाढता येत नाही. तो शरीरातील एखाद्या पेशीत शिरतो आणि तिच्याच यंत्रणेकडून आपल्या प्रतिकृती तयार करवून घेतो. रक्तात संचार करणारी प्रतिपिंडे पेशीबाहेरच्या विषाणूंना पकडू शकतात. परंतु पेशीच्या आत दडलेल्या विषाणूपर्यंत ती सहसा पोहोचत नाहीत. मग आतून ग्रासलेली पेशी कोणती आणि निरोगी कोणती, हे बाहेरून ओळखायचे कसे? हे काम शरीराने टी-पेशींकडे सोपविले आहे.

टी-पेशी हा पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार होय. तिचा उगम अस्थिमज्जेत होतो. पण तिची घडण उरोस्थीमागील यौवनलोपी ग्रंथीत, म्हणजे थायमसमध्ये होते. त्या ग्रंथीच्या आद्याक्षरावरूनच तिला हे नाव मिळाले. ही ग्रंथी म्हणजे एक निरुपयोगी अवशेष, असा समज दीर्घकाळ प्रचलित होता. १९६१ मध्ये जाक मिलर यांनी नवजात उंदरांची ही ग्रंथी काढून टाकली, तेव्हा ते उंदीर संसर्गाला सहज बळी पडू लागले आणि परक्या त्वचेचे कलमही त्यांचे शरीर नाकारीनासे झाले.

टी-पेशी नेमके काय ओळखते, याचा उलगडा १९७४ मध्ये ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे झाला. पीटर डोहर्टी आणि रोल्फ झिंकरनागेल यांनी विषाणूची लागण झालेल्या उंदरांच्या मारक टी-पेशी काढून घेतल्या व त्याच विषाणूने ग्रासलेल्या इतर पेशींबरोबर काचपात्रात ठेवल्या. या ग्रस्त पेशी त्याच वाणाच्या उंदरांच्या असल्या, तर टी-पेशी त्यांचा नाश करीत. मात्र त्या भिन्न वाणाच्या असल्या, तर विषाणू तोच असूनही त्या बचावत. याचा अर्थ असा, की टी-पेशी नुसत्या विषाणूला ओळखत नाही. स्वकीयाची खूण आणि परक्याची खूण अशा दोन्ही तिला एकत्र दिसाव्या लागतात. या शोधाबद्दल दोघांना १९९६ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

स्वकीयाची ही खूण म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरील ऊतिसंगती रेणू. अवयवरोपणाच्या वेळी जुळवून पाहतात ते हेच रेणू. त्यांच्या माथ्यावर एक खोबण असते. पेशीत तयार झालेल्या प्रथिनांपैकी काही सतत मोडली जातात आणि त्यांचे तुकडे या खोबणीत बसवून बाहेर मांडले जातात. पेशी जणू घरात काय शिजते आहे त्याचा नमुनाच दाराशी ठेवते. विषाणू आत असेल, तर त्याच्याही प्रथिनांचे तुकडे त्या नमुन्यात येतात.

हे रेणू दोन वर्गांचे असतात. पहिल्या वर्गाचे रेणू जवळजवळ सर्व केंद्रकयुक्त पेशींवर आढळतात. ते साधारणपणे ८ ते १० अमिनो आम्लांचे तुकडे मांडतात आणि सीडी-८ हे प्रथिन धारण करणाऱ्या मारक टी-पेशी ते वाचतात. दुसऱ्या वर्गाचे रेणू मुख्यतः बाहेरील द्रव्य गिळणाऱ्या काही खास पेशींवर असतात. त्यांवरील तुकडे अधिक लांब असतात व ते वाचण्याचे काम सीडी-४ धारण करणाऱ्या साहाय्यक टी-पेशींचे. मारक पेशी ग्रस्त पेशीला ठार करते. साहाय्यक पेशी रासायनिक संदेश पाठवून इतर पेशींना कामाला लावते.

तथापि, परका तुकडा दिसला की नवी टी-पेशी लगेच चालून जाते, असे नाही. शाखायुक्त डेंड्रायटिक पेशी हा तुकडा घेऊन लसीका ग्रंथीत येते. तिला संसर्गाची चाहूल लागली असेल, तरच तिच्यावर बी-७ नावाची प्रथिने मुबलक उगवतात. ती टी-पेशीच्या सीडी-२८ या प्रथिनाशी जुळली, म्हणजे दुसरा संकेत मिळतो आणि टी-पेशी वेगाने विभागू लागते. पहिला संकेत मिळून दुसरा न मिळाल्यास ती निष्क्रिय होते. मारक पेशीचे लक्ष्य शेवटी शरीराचीच पेशी असते. म्हणूनच ही दुहेरी खात्री.

याच सावधगिरीपोटी यौवनलोपी ग्रंथी स्वकीय तुकड्यांवर तीव्रतेने झेपावणाऱ्या बहुतेक टी-पेशी घडणीच्या काळातच नष्ट करते. त्यातून निसटलेल्यांना नियामक टी-पेशी आवर घालतात. त्यांविषयीच्या शोधांना २०२५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

ही व्यवस्था बिघडली, तर काय होते? एड्सचा विषाणू सीडी-४ या प्रथिनालाच धरून साहाय्यक पेशीत शिरतो. निरोगी प्रौढाच्या एक घन मिलिमीटर रक्तात या पेशी साधारण ५०० ते १,५०० असतात. उपचाराअभावी त्या २०० च्या खाली गेल्या, की एरवी निरुपद्रवी ठरणारे जंतूही प्राणघातक होतात. याउलट, कर्करोगाच्या गाठीत टी-पेशी अनेकदा हजर असूनही त्यांना लगाम घातलेला असतो. हा लगाम सैल करणाऱ्या उपचारांचा पाया घालणारे जेम्स ॲलिसन आणि तासुकू होन्जो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या औषधांनी काही रुग्णांना दीर्घ आयुष्य दिले. पण काहींच्या निरोगी आतड्यांवर आणि त्वचेवर त्यांच्याच टी-पेशी तुटून पडल्या. शत्रूला ओळखणे आणि स्वतःला आवरणे ही टी-पेशीची दोन वेगळी कामे नव्हेत, हेच यावरून दिसून येते.