आयटीआय झालं, आता सहा-जी

आयटीआयचा वेल्डर ट्रेड एक वर्षाचा. तो करून आपण दाबाखालच्या पाइपांचं काम मागायला गेलात, की कंपनी म्हणते, ‘आधी टेस्ट द्या.’ वाईट वाटून घेण्याचं कारण नाही. अमेरिकेच्या एएसएमई संस्थेच्या नियमावलीचा नववा भाग, म्हणजे ‘सेक्शन नाइन’, आपल्याकडेही सर्रास पाळतात. त्यानुसार वेल्डरला पारखायची जबाबदारी काम देणाऱ्या कंपनीवरच असते. म्हणून नोकरी बदलली की बहुधा नवी टेस्ट.

टेस्टआधी डब्ल्यूपीएस मागून घ्यावा. कोणता धातू, कोणता रॉड, किती अँपिअर, जोड आधी किती तापवायचा, हे सांगणारा तो कागद. ‘नेहमीसारखं कर’ असं सुपरवायझर म्हणाला, तरी आपण तो वाचावाच.

मग पोझिशन ठरते. पाइपसाठी बहुतेक ठिकाणी ‘सहा-जी’ मागतात: पाइप ४५ अंशांत तिरका, घट्ट बसवलेला. तो फिरवायचा नाही, आपणच त्याच्याभोवती फिरायचं.

इथे मुलं नापास होतात ती बहुतेक रूटमध्ये, म्हणजे जोडाच्या तळाच्या पहिल्या थरात. गॅप सगळीकडे सारखी नसते, टॅकची टोकं ग्राइंडरनं उतरती केलेली नसतात. मग पाइपच्या खालच्या बाजूला हात अवघडला की धातू आतपर्यंत पोचत नाही. वरचा थर कितीही देखणा काढला तरी ही चूक झाकली जात नाही. दुसरं कारण दमट रॉड. ७०१८ रॉड ओव्हनमधून काढून उघड्यावर ठेवले की हवेतली ओल धरतात, आणि जोडात छिद्रं किंवा तडे येतात. आपल्या पावसाळ्यात तर विचारूच नका.

तपासणी आधी डोळ्यांनी, नंतर एक्स-रेनं किंवा जोडाच्या पट्ट्या वाकवून. वाकवल्यावर ३ मिलिमीटरपेक्षा मोठी भेग उघडली तर नापास. लगेच फेरपरीक्षा हवी असेल, तर त्याच पोझिशनचे सलग दोन जोड पास व्हावे लागतात.

पास झाल्यावर प्रमाणपत्र नीट वाचावं. ७३ मिलिमीटरपेक्षा मोठ्या व्यासाच्या पाइपवर टेस्ट दिली असेल, तर ७३ मिलिमीटरहून बारीक नळ्या त्यात येत नाहीत. चार इंची पाइपवर पास झालेल्याला दोन इंची नळीवर बसवणं, हा घोटाळा मी बऱ्याचदा पाहिला आहे. आर्कची टेस्ट दिलेल्याला टिगची मुभा नसतेच. साखर कारखान्यातल्यासारख्या बॉयलरच्या कामाला इंडियन बॉयलर रेग्युलेशन्सप्रमाणे वेगळं प्रमाणपत्र लागतं.

ज्या पद्धतीची टेस्ट दिली, त्या पद्धतीचं वेल्डिंग सहा महिने केलंच नाही, तर सेक्शन नाइनची पात्रता संपते. काम केलेलं असतं, पण नोंद नसते. आणि नोंद नसेल तर ऑडिटर ऐकत नाही. प्रत्येक कामाची तारीख लिहून त्यावर सही घ्यावी.

इन्स्पेक्टर व्हायचं तर वाट निराळी. अमेरिकन वेल्डिंग सोसायटीच्या सीडब्ल्यूआय परीक्षेचे तीन भाग: मूलतत्त्वं, प्रत्यक्ष तपासणी आणि नियमावली वाचता येणं. शिवाय अनुभवाची अट आणि जवळच्या नजरेची चाचणी. प्रमाणपत्र तीन वर्षांचं. एक्स-रे किंवा अल्ट्रासॉनिक तपासणीची ‘लेव्हल टू’ पात्रता म्हणजे हे नव्हे. ती फक्त त्या एका तपासणीपुरती. चांगला इन्स्पेक्टर जोड पूर्ण झाल्यावर उगवत नाही. फिटअप चालू असताना तो गॅप मोजतो, रॉडचा ओव्हन गरम आहे का हे बघतो, आणि वेल्डरच्या प्रमाणपत्रावरचा व्यास समोरच्या नळीशी जुळतो का, ते काम सुरू व्हायच्या आधीच पडताळतो.