शिकतां शिकतां कमविणें

जून महिना उजाडला कीं जुन्नर व आंबेगांव तालुक्यांच्या पश्चिमेकडील डोंगराळ गांवांतून मुलामुलींचा एक लहानसा ओघ खालीं उतरूं लागतो. कोणी जुन्नरास, कोणी घोडेगांवास, तर कोणी मंचरास कॉलेजांत नांव घालण्यासाठीं येतो. दिवाळी होते न होते तोंच त्यांतील कांहीं चेहरे दिसेनासे होतात. चौकशी केली तर उत्तर बहुधा एकच मिळतें: "घरीं अडचण आहे, सर." ही अडचण मोठ्या रकमेचीच असते असें नाहीं. सरकारी शिष्यवृत्ति आहे, घोडेगांवच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयामार्फत चालणारीं वसतिगृहें आहेत. परंतु शिष्यवृत्ति उशिरां हातीं येते, वसतिगृहांतील जागा मोजक्या असतात, आणि दरम्यान खोलीचें भाडें, खानावळीचा डबा व एस. टी. चा पास हीं कोणासाठीं थांबत नाहींत. भातकापणीच्या वेळीं घरीं हात कमी पडतात तें निराळेंच. अशा विद्यार्थ्यानें शिकतां शिकतां चार पैसे कसे मिळवावे, आणि आपण त्यास साह्य करावें तें कशा रीतीनें, याचा थोडा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

महाराष्ट्रास हा प्रश्न नवा नाहीं. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं कराडजवळ काले या गांवीं रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह काढलें. तेथें नाना जातींचीं मुलें एका पंक्तीस जेवत, स्वतः राबत व शिकत. १९४७ सालीं साताऱ्यास छत्रपति शिवाजी कॉलेज निघालें, तेंही "कमवा व शिका" या तत्त्वावर. हें सर्व बहुतेकांस ठाऊक असतें. मात्र शिक्षणकार्यास वाहून घेण्यापूर्वीं भाऊराव ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर विकण्यासाठीं गांवोगांव हिंडले होते, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाहीं. आमची तर अशी समजूत आहे कीं, खेड्यांतील माणसाची गरज व त्याची ऐपत हीं दोन्ही त्यांस या फिरतीनेंच नीट कळलीं असावींत. फुकट दिलेला कंदील कोनाड्यांत पडून राहतो. मोल देऊन घेतलेला कंदील रोज पुसला जातो.

पुणें विद्यापीठाची "कमवा व शिका" योजना आज कर्मवीरांच्याच नांवानें चालते. ग्रंथालय, प्रयोगशाळा, कचेरी किंवा बाग यांत विद्यार्थी ठराविक तास काम करितो व तासाप्रमाणें मोबदला घेतो. मंचरचें अण्णासाहेब आवटे महाविद्यालय तर रयत संस्थेचेंच आहे. योजना चांगली आहे. तिची उणीव एवढीच कीं कॉलेजांत कामें थोडीं आणि गरजू फार. म्हणून कॉलेजाच्या कुंपणाबाहेर काम शोधणें भाग पडतें.

बाहेर पडल्यावर पहिली गांठ पडते ती बाजाराशीं. नुसतें कसब पुरत नाहीं, हें जुन्नरकरांस कोणी सांगावयास नको. एके काळीं येथील कागद्यांचा हातकागद दूरवर नांवाजलेला होता. पेशवाईंतील दफ्तरें जुन्नरी कागदावर लिहिलीं गेलीं. जुनें तरट चुन्यांत भिजवावें, कुटावें, धुवावें, त्याचा लगदा जाळीवर उचलून ताव भिंतीवर वाळवावा, खळ लावून दगडानें घोटावा, अशी ती मेहनत. पुढें गिरणीचा स्वस्त कागद आला. कागद्यांचे हात तेच होते, कौशल्य तेंच होतें. घेणारा मात्र राहिला नाहीं. याच भागांतून पोटासाठीं किती तरुण मुंबईच्या गिरण्यांत गेले याची गणती नाहीं. १९३० सालीं विलायती कापडाची मोटार अडवितांना प्राण देणारे हुतात्मा बाबू गेनू आंबेगांव तालुक्यांतील महाळुंगे पडवळचेच, आणि तेही मुंबईंत गिरणी कामगार होते.

आतां घेणारा दूर असला तरी त्याच्यापर्यंत पोंचण्याची वाट उघडली आहे. १९७१ सालीं नारायणगांवानजीक आर्वी येथें उपग्रहाच्या द्वारें परदेशांशीं दळणवळण करणारें केंद्र सुरू झालें, तेव्हां त्या प्रचंड तबकडीकडे गांवकरी कुतूहलानें पाहत. आज तेंच काम ज्याच्या त्याच्या खिशांतील मोबाईल करितो. ऑनलाइन काम म्हणजे कांहीं जादू नव्हे. देणारा एका गांवीं, करणारा दुसऱ्या गांवीं, आणि माल म्हणजे लिहिलेला मजकूर, भाषांतर, हिशेब, चित्र किंवा आवाज, इतकाच त्याचा अर्थ.

आवाज हा शब्द वाचून कोणी चकित होईल, म्हणून थोडें खुलासेवार सांगतों. मनुष्याची भाषा ऐकणारीं व बोलणारीं यंत्रें तयार करणारांस निरनिराळ्या माणसांनीं वाचलेलीं वाक्यें विपुल लागतात. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत मराठी वाक्यें मोबाईलवर वाचण्याचें काम तीन प्रकारच्या लोकांस मोबदला देऊन सोंपविण्यांत आलें होतें: खेड्यांतील गरीब, शहरांतील गरीब, आणि विद्यापीठांतील विद्यार्थी. ३६ जणांनीं मिळून १०९ तासांचें वाचन दिलें. तें तपासून पाहतां गरिबांचें काम विद्यापीठांतील मुलांच्या तोडीचें भरलें. आम्हांस हा निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो. डोंगरांतला मुलगा वर्गांत तोंड उघडावयास लाजतो, कारण त्याच्या बोलीस सोबती हंसतात. कधीं कधीं, सांगावयास खेद वाटतो, शिक्षकही हंसतात. त्याच बोलीची जगांत कोणास गरज आहे व ती वाचून दाखविल्यास पैसे मिळतात, हें त्यास कळणें म्हणजे पैशाहूनही कांहीं अधिक मिळणें होय. मात्र असें काम बारमाही नसतें. चार महिने येतें, मग थांबतें. खोलीच्या भाड्याची भिस्त त्यावर ठेवूं नये.

घरचा उद्योग हाच अधिक भरंवशाचा, असें आमचें मत आहे. पश्चिम पट्ट्यांत हिरड्याचीं झाडें आहेत. उन्हाळ्यांत त्यांचीं कोंवळीं फळें काढून वाळवितात, त्यांस बाळहिरडा म्हणतात. औषधांत त्यास मागणी असते. झाडावर चढावयाचें, फळ वाळवावयाचें, आणि शेवटीं व्यापारी जो भाव सांगेल तो घ्यावयाचा, असा क्रम पुष्कळ घरांतून चालतो. वाणिज्य शिकणाऱ्या मुलीनें चार ठिकाणचे भाव मोबाईलवर पाहून ठेवले, दहा घरांचा माल निवडून प्रतवार एकत्र केला आणि स्वतः वजन करून विकला, तर तें शिक्षणही झालें व उद्योगही झाला. संकट येणारच नाहीं असें नव्हे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळांत या भागांतील कित्येक हिरडे उन्मळून पडले, आणि नवें झाड फळास येण्यास वर्षें लागतात. दुसरा धंदा वाटाड्याचा. शिवनेरी, लेण्याद्री व नाणेघाट पाहण्यास माणसें येतात, पण नाणेघाटांतील सातवाहनांच्या लेखांत प्राचीन संख्याचिन्हें कोठें कोरलीं आहेत हें दाखविणारा मनुष्य त्यांस सहसा भेटत नाहीं. इतिहास घेऊन बी. ए. करणारा विद्यार्थी तें दाखवूं शकेल.

आतां धोक्याची गोष्ट. आमच्या शाळेंतून दहावी होऊन कॉलेजांत गेलेला एक मुलगा "घरबसल्या टंकलेखन" अशा जाहिरातीस भुलला. प्रथम नोंदणीचे म्हणून पैसे भरून घेतले. तीन आठवडे त्यानें रात्रीं जागून पानेंच्या पानें उतरविलीं. मग कळविण्यांत आलें कीं चुका मर्यादेबाहेर झाल्या असून, करार मोडल्याबद्दल उलट दंड भरावा, न भरल्यास वकिलाची नोटीस येईल. मुलगा भ्याला, त्यानें घरीं सांगितलें नाहीं, कॉलेजांत जाणेंही सोडलें. आम्हांस वृत्त कळलें तें त्याच्या बहिणीकडून. आम्हीं त्यास बरोबर घेऊन १९३० या सरकारी क्रमांकावर तक्रार नोंदविली. गेलेले पैसे परत आले नाहींत. धमक्यांचे फोन मात्र बंद झाले.

पालकांस यावरून दोन शब्द सांगावेसे वाटतात. काम देणारा कामापूर्वीं पैसे मागतो त्याक्षणींच तो काम देणारा नव्हे हें ओळखावें. मुलाचा मोबदला मुलाच्याच बँकेच्या खात्यांत जमा व्हावा. दिवसाकाठीं दोन तास पुष्कळ झाले. त्याहून अधिक काम अभ्यासाच्या मुळावर येतें. आणि मूल फसलें तर रागावण्याची घाई करूं नये, कारण फसविणाराचा सगळा धंदा मुलाच्या लाजेवरच चालतो.

तो मुलगा पुन्हां कॉलेजांत जाऊं लागला आहे. आमच्या शाळेच्या ग्रंथालयांतील जुनीं पुस्तकें संगणकावर नोंदविण्याचें काम आम्हीं त्यास दिलें, तें तो दर शनिवारीं येऊन करितो. तासांचा हिशेब तो आपल्या वहींत लिहितो व आम्ही आमच्या वहींत लिहितों. गेल्या महिनाअखेर दोन्ही बेरजांत अर्ध्या तासाचा फरक निघाला. पुनः ताडून पाहतां चूक आमची होती. त्या अर्ध्या तासाचे पैसे त्यानें मोजून घेतले व सही केली.